माहीत आहे की वाटतंय? टीव्हीवरच्या क्विझ शोची तयारी, पहिल्या वहीपासून शेवटच्या लाइफलाइनपर्यंत

जुन्या प्रश्नांचा एखादा संच घ्या आणि पर्याय झाकून पन्नास प्रश्न सोडवा. प्रत्येक उत्तरापुढे एक आकडा लिहा: या उत्तराची आपल्याला किती टक्के खात्री आहे? ५०, ७०, ९०, १००, जे मनात येईल ते. मग उत्तरं तपासा आणि फक्त '९०' लिहिलेली बाजूला काढा. दहा ठिकाणी ९० लिहिलं असेल, तर नऊ बरोबर यायला हवीत. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चौदापैकी आठ आली. म्हणजे माझे नव्वद टक्के प्रत्यक्षात साठाच्याही खालीच होते.

टीव्हीवरच्या क्विझपर्यंत पोचणाऱ्यांचं वाचन सहसा दांडगं असतं. घोडं अडतं ते 'माहीत आहे' आणि 'माहीत आहे असं वाटतंय' यांतल्या फरकावर. लाइफलाइन (अडल्यावर मोजक्याच वेळा मिळणारी मदत) कधी वापरायची, बझर कधी दाबायचा, पैसे घेऊन कधी उठायचं, हे सगळे निर्णय त्या एका आकड्यावर उभे असतात. म्हणून ही खात्रीची वही आधी सुरू करा, बाकीचं मागून. तीनेक महिन्यांत आकडे आणि निकाल जुळू लागतात. माझे जुळायला पाच लागले.

खेळ कुठला, ते आधी ओळखा

सगळे क्विझ शो एकाच तयारीने जिंकता येत नाहीत. 'हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेअर' १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला. त्याच साच्यातला 'कौन बनेगा करोडपती' (केबीसी) आपल्याकडे ३ जुलै २००० रोजी आला. या घराण्यात चार पर्याय समोर असतात, उठून जायची मुभा असते, आणि चुकलं की थेट खालच्या पडावावर, म्हणजे रक्कम पक्की झालेल्या पायरीवर, घसरण. इथे धीर आणि हिशेब लागतो.

अमेरिकेतला 'जेपर्डी' १९६४ पासूनचा. तिथे पर्याय नाहीत, शेजारी दोन प्रतिस्पर्धी उभे, आणि बोलायचा हक्क बझर आधी दाबणाऱ्याला. इथे बोटाचा वेग आणि कुठलाही आधार नसताना आठवणं, दोन्ही लागतं.

तिसरा प्रकार बीबीसीच्या 'मास्टरमाइंड'चा, १९७२ पासूनचा: काळी खुर्ची, अंधार, निवडलेला विषय आणि धावतं घड्याळ. यात एक बारीक गंमत आहे. उत्तर चुकलं, तर प्रश्नकर्ता बरोबर उत्तर सांगतो आणि तेवढा वेळ आपल्या खात्यातून जातो. 'पास' म्हटलं तर पुढचा प्रश्न लगेच येतो. मात्र गुण समान झाले, तर ज्याचे पास कमी तो पुढे. कधी ठोकून द्यायचं आणि कधी सोडायचं, हे त्यामुळे घरीच ठरवून जावं लागतं.

ज्या कार्यक्रमात जायचंय त्याचे किमान वीस भाग बघा, आणि वही घेऊन बघा. उत्तरं नका लिहू. प्रश्न कुठल्या विषयातला होता, माणूस कुठे अडखळला, कुठली लाइफलाइन कितव्या प्रश्नावर गेली, एवढंच टिपा. रॉजर क्रेग या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने 'जेपर्डी'च्या जुन्या हजारो प्रश्नांचं संगणकावर असंच वर्गीकरण केलं होतं. २०१० मध्ये त्याने एका दिवसात ७७,००० डॉलर जिंकून तेव्हाचा विक्रम केला. आपल्याला संगणकाची गरज नाही. वीस भागांनंतर कळतंच की पुराणकथा, खेळ, चित्रपट, संविधान, अवकाश आणि चालू घडामोडी आलटून पालटून येतात आणि आपण यांतल्या दोन विषयांत पार कोरडे आहोत. माझ्या बाबतीत ते दोन म्हणजे टेनिस आणि पुराणकथा.

काय वाचायचं यापेक्षा कसं

सामान्यज्ञानाचं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचत सुटणं हा सगळ्यांत लोकप्रिय आणि सगळ्यांत वाया जाणारा मार्ग. ओळीवर पिवळी शाई फिरवली की आलं असं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातून दाखवलं, की आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं ते स्वतःची चाचणी घेणाऱ्यांच्या. पुन्हा पुन्हा वाचणारे मागे पडतात. गंमत म्हणजे आपल्याला जास्त येतं अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती.

तेव्हा चिठ्ठ्या करा. एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर. पाच कप्प्यांचा खोका घ्या (ही पद्धत जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडली). नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात. बरोबर आली की पुढच्या कप्प्यात सरकते, चुकली की थेट पहिल्यात परत. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने काढायचा. मोबाइलवर याची ॲप आहेत. मला हाताने लिहिलेली चिठ्ठी जास्त लक्षात राहते, पण हा ज्याच्या त्याच्या सवयीचा भाग.

आता चिठ्ठीत काय असावं? सुटं उत्तर कधीच नको, त्याचं अख्खं कुटुंब हवं. 'एव्हरेस्ट सर करणारी पहिली भारतीय महिला: बचेंद्री पाल, १९८४' ही चिठ्ठी एकटी दुबळी आहे. तिच्या शेजारी हेही हवं: एडमंड हिलरी आणि तेनझिंग नोर्गे, २९ मे १९५३. जगातली पहिली महिला जुन्को ताबेई, १९७५. कृत्रिम प्राणवायूशिवाय पहिल्यांदा चढलेले राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर, १९७८. दोनदा चढणारी जगातली पहिली महिला संतोष यादव, १९९२ आणि १९९३. कृत्रिम पायाने चढलेल्या अरुणिमा सिन्हा, २०१३. प्रश्न काढणारा माणूस याच कुटुंबातून प्रश्न उचलतो आणि चुकीचे तीन पर्यायही इथूनच घेतो. कुटुंब माहीत असलं की पर्यायांतला प्रत्येक जण आपल्या ओळखीचा निघतो.

विषयाची भीती वाटत असेल तर लहान मुलांची पुस्तकं वाचा. हे कमीपणाचं मानू नका. २०१९ मध्ये 'जेपर्डी'चे सलग ३२ सामने जिंकणाऱ्या जेम्स होल्झहाउरने तयारी अशीच केली होती: ग्रंथालयाच्या बालविभागातली चित्रांची, चौकटींची पुस्तकं. क्विझला विषयाचं खोल ज्ञान क्वचितच लागतं. लागते ती विषयाची दारं कुठे आहेत याची माहिती, आणि मुलांची पुस्तकं नेमकी तीच दाखवतात.

नोंदणी आणि ऑडिशन

यावर फार लिहिण्यासारखं नाही. नोंदणीचा प्रश्न सोपा असतो, कारण आयोजकांना गर्दी हवी असते. पुढची निवड बरीचशी नशिबाची. त्यातून नाव निघालं की फोन, लेखी चाचणी आणि कॅमेऱ्यासमोर गप्पा. गप्पांत मात्र खूप जण मार खातात. समोरचा माणूस तुमचं ज्ञान मोजत नसतो, ते लेखी चाचणीत मोजून झालेलं असतं. हा माणूस निवेदकाशी वीस मिनिटं बोलू शकेल का, हे तो पाहतो. 'मला वाचनाची आवड आहे' या वाक्याने त्याचं काही भागत नाही. कुठलं पुस्तक, कुठे बसून, कुणाच्या ओरड्यावर बंद केलं, हे सांगा. गरिबीची किंवा दुःखाची गोष्ट मात्र तिखटमीठ लावून सांगू नका. प्रक्षेपणानंतर ती आयुष्यभर गावभर फिरते.

आणि एक इशारा. 'तुमचा नंबर २५ लाखांच्या लॉटरीत निघालाय, प्रक्रिया शुल्क भरा' असे संदेश केबीसीच्या नावाने कित्येक वर्षं फिरताहेत. ती फसवणूक आहे. तुम्ही न खेळलेल्या खेळाचं बक्षीस कुणी देत नाही, आणि ते द्यायला आधी तुमच्याकडूनच पैसे मागत नाही.

बोटाचा खेळ

क्रम लावायच्या प्रश्नात सगळे पहिल्या पर्यायापासून विचार करतात. तसं करू नका. आधी दोन टोकं पकडा. समजा प्रश्न आहे, या मोहिमा आधीपासून नंतर या क्रमाने लावा: (अ) मंगळयान, (ब) आर्यभट्ट, (क) चंद्रयान-३, (ड) चंद्रयान-१. सगळ्यांत जुना आर्यभट्ट (१९७५), सगळ्यांत नवं चंद्रयान-३ (२०२३). ही टोकं डोळे मिटूनही लागतात. उरला एकच सवाल: मंगळयान आधी की चंद्रयान-१? चंद्रयान-१ हे २००८ चं, मंगळयान २०१३ चं. झालं, ब-ड-अ-क. चार वस्तूंचा प्रश्न खरं तर दोन वस्तूंचाच असतो. मात्र 'आधीपासून नंतर' की 'नंतरपासून आधी' हे शब्द वाचल्याशिवाय बोट हलवायचं नाही. घरी सराव करताना कुणाला तरी दिशा मुद्दाम उलटी करायला सांगा.

बझरचं शास्त्र वेगळं. 'जेपर्डी'मध्ये निवेदकाचं वाचन संपेपर्यंत बझर बंद असतो आणि आधी दाबला तर पाव सेकंद तो गोठतो. बझर सुरू झाल्याचा दिवा दिसल्यावर बोट हलायला माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणून तरबेज खेळाडू दिव्याची वाट बघत नाहीत. ते निवेदकाच्या शेवटच्या अक्षरावर कान लावतात आणि त्याच्या श्वासाची लय पकडून दाबतात. घरी जुने भाग लावा, हातात खटक्याचं बॉलपेन घ्या, उभे राहा आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी खटका दाबा. उत्तर येत असो वा नसो. आठवड्याभरात निवेदक कुठल्या शब्दावर रेंगाळतो ते अंगठ्याला कळायला लागतं.

काही कार्यक्रमांत वाचन चालू असतानाच बझर दाबता येतो, आणि तिथे माझी फजिती झाली. सांघिक क्विझ होती, चुरस होती, निवेदकाने सुरुवात केली: "एव्हरेस्ट सर करणारी पहिली भारतीय महिला..." मी खाडकन दाबला. "बचेंद्री पाल!" त्याने शांतपणे चिठ्ठी पुढे वाचली: "...बचेंद्री पाल, हे आपल्याला माहीत आहे. पण दोनदा सर करणारी पहिली महिला कोण?" शेजारच्या संघातल्या मुलीने संतोष यादव यांचं नाव घेतलं. गुण गेले ते गेलेच, शिवाय आमच्या कर्णधाराने पुढच्या चार प्रश्नांत मला बझरला हात लावू दिला नाही. तेव्हापासून माझा नियम एकच: ज्या प्रश्नाची सुरुवात फारच सोपी वाटते, त्यात 'पण' यायचा आहे असं समजायचं आणि त्याची वाट बघायची.

हॉट सीटवर: उत्तर काढणं

उत्तर माहीत नसतानाही बरोबर येऊ शकतं, आणि यात नशिबाचा भाग वाटतो तितका मोठा नसतो. २०११ मध्ये केबीसीत सुशील कुमार यांना पाच कोटींसाठी असा प्रश्न आला होता: १८ ऑक्टोबर १८६८ रोजी निकोबार बेटांवरचे हक्क ब्रिटिशांना विकून कुठली वसाहतवादी सत्ता भारतातून बाहेर पडली? पर्याय बेल्जियम, इटली, डेन्मार्क आणि फ्रान्स. हा प्रश्न मी पुढे कित्येकांना विचारला आहे. तारीख कुणालाच येत नाही. येण्याची गरजही नाही.

फ्रान्स? पुद्दुचेरी १९५४ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होती, तेव्हा १८६८ मध्ये ते बाहेर पडलेच नव्हते. बाद. इटली? देश म्हणून १८६१ मध्ये एक झालेला. सात वर्षांत भारतात वसाहत करून विकूनही टाकली? अवघड आहे. बेल्जियमचं राज्य १८३० नंतरचं, आणि भारतातली बेल्जियन वखार कुठल्या शालेय पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही. उरलं डेन्मार्क. इथे 'उरलं म्हणून' यावर थांबायचं नाही, त्याच्या बाजूने काही सापडतं का ते पाहायचं. तमिळनाडूतल्या तरंगमबाडीचा किल्ला डॅनिश लोकांनी बांधलेला, बंगालमधलं श्रीरामपूर त्यांचंच. म्हणजे डॅनिश भारतात होते. आता खात्री सत्तरवरून नव्वदवर गेली. उत्तर डेन्मार्क, आणि सुशील कुमार जिंकले.

घरी सराव करताना असंच मोठ्याने बोला. प्रत्येक पर्यायाला एक वाक्य: हा का असेल, किंवा का नसेल. सेटवरही बोलायला हरकत नाही, निवेदकाला ते आवडतंच. फक्त त्याच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर ठरवू नका. 'नक्की?' हे तो बरोबर उत्तरालाही विचारतो, चुकीच्यालाही. त्याचं कामच ते.

लाइफलाइन

जनमताला, म्हणजे सभागृहातल्या प्रेक्षकांना, चित्रपट, खेळ, घरगुती गोष्टी विचाराव्यात, रसायनशास्त्र नको. आणि मत घेण्याआधी आपला कल अजिबात बोलून दाखवू नका. 'मला ब वाटतंय, पण...' एवढं म्हटलं की निम्मं सभागृह ब दाबतं, आणि तुमचाच अंदाज टक्केवारीचा मुखवटा घालून परत येतो. आकडे वाचायचीही रीत आहे. ज्यांना येत नाही त्यांची मतं चारही पर्यायांत साधारण सारखी विखुरतात असं धरा. मग ४०-२०-२०-२० हा निकाल दिसायला कच्चा, पण तसा भक्कम आहे: एका पर्यायामागे काहीतरी ज्ञान उभं आहे. ४६-४२-७-५ मात्र धोक्याचा, कारण दोन गट भांडताहेत आणि एका गटाला सापळ्याने ओढलंय.

५०-५० (दोन चुकीचे पर्याय काढून टाकणारी लाइफलाइन) घेण्याआधी कुठल्या दोन पर्यायांत अडकलोय ते मनात पक्कं करा. नेमके तेच दोन उरले, तर लाइफलाइन वाया गेली असं वाटेल, पण तुमचा विचार बरोबर वाटेवर होता हेही कळेल.

मित्राला फोन असेल तर मित्र विद्वान असून भागत नाही, तो तीस सेकंदांत बोलणारा हवा. दोघांनी घड्याळ लावून सराव करा. नमस्कार-चमत्कार नकोत. "डेन्मार्क, फ्रान्स, इटली, बेल्जियम. १८६८ मध्ये निकोबार ब्रिटिशांना कुणी विकलं?" एवढंच. आणि शेवटी "किती टक्के?" हे विचारायचंच. तुमच्या मित्राचे नव्वद म्हणजे खरे किती, हे त्याच्याही वहीतून आधी तपासून ठेवलेलं असेल तर उत्तम.

फोनचा सगळ्यांत देखणा वापर जॉन कार्पेंटरने केला. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या दहा लाख डॉलरच्या शेवटच्या प्रश्नावर त्याने वडिलांना फोन लावला आणि सांगितलं, मदत नकोय, मी जिंकणार आहे एवढं कळवायचं होतं. मग उत्तर दिलं, निक्सन. तो खरोखरच शंभरावर होता.

थांबायचं की खेळायचं

दोन गोष्टी कागदावर मांडून जा.

पहिली: पडाव ओलांडल्यावर लगेचचा प्रश्न फुकट असतो. चुकलात तरी पडावाची रक्कम हातात राहते, म्हणजे गमावण्यासारखं काहीच नाही. तिथे अजिबात येत नसलं तरी उठायचं नाही. लाइफलाइनही शक्यतो तिथे खर्चू नये. घाबरून त्याच जागी उठलेली माणसं मी पाहिली आहेत आणि दर वेळी टीव्हीवर काहीतरी फेकावंसं वाटलं आहे.

दुसरी: वर गेल्यावर हिशेब. समजा हातात १२.५ लाख आहेत, पुढचं उत्तर बरोबर तर २५ लाख, चुकलं तर ३.२ लाख. बरोबर आल्यास १२.५ लाख वाढतात, चुकल्यास ९.३ लाख जातात. सरासरीच्या गणिताने खात्री ४३ टक्क्यांच्या वर असली तर खेळणं फायद्याचं. दोन पर्याय ठामपणे बाद झाले असतील, तर नाणेफेकही या हिशेबात बसते. पण सरासरी हजार वेळा खेळणाऱ्याची असते आणि तुम्ही एकदाच बसणार आहात. ९.३ लाख गेल्याने घरात काय थांबेल, हे सूत्रात येत नाही. म्हणून ही रेघ घरच्यांशी बोलून आधी आखा. मी माझ्यासाठी ती ७० वर ठेवली होती, आणि तीही वहीतल्या आकड्याने कापून: मला ९० वाटलं तर ते ६० धरायचे.

शूटिंगचा दिवस आणि नंतर

वेळ फार जातो. मेकअप, कॉलर माइक, सूचना, मग नुसती वाट. सेटवर थंडी असते, दिवे डोळ्यांवर येतात, आणि तुमची पाळी अर्ध्या तासाने येईल की दुसऱ्या दिवशी, याचा नेम नसतो. बारीक चौकटी आणि पट्ट्यांचे कपडे कॅमेऱ्यात झगमगतात, ते टाळा. शेवटच्या तासाला नवं काही वाचू नका. खोक्यातला पाचवा कप्पा काढा, त्यात सगळं येणारंच असतं आणि हात थोडे स्थिर होतात.

प्रश्न काढणाऱ्या मंडळींशी तुमची गाठ पडू देत नाहीत, आणि प्रसाधनगृहातही कुणीतरी सोबत येतं. त्याचा राग मानू नका. १९५०च्या दशकात अमेरिकेत 'ट्वेंटी-वन' या कार्यक्रमात स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवल्याचं उघड झालं आणि १९६० मध्ये तिथे अशा लबाडीविरुद्ध कायदाच करावा लागला. तेव्हापासून ही राखण आहे.

करार नीट वाचा. निकाल प्रक्षेपणापर्यंत गुप्त ठेवायची अट असते, आणि पैसेही सहसा त्यानंतरच मिळतात. भारतात अशा बक्षिसावर सरसकट ३० टक्के आयकर, त्यावर उपकर आणि मोठ्या रकमेवर अधिभार लागतो. तो कापूनच रक्कम येते आणि नेहमीची करमुक्त मर्यादा इथे चालत नाही. बक्षीस गाडीचं असेल तरी कर पैशांतच भरावा लागतो, तोही गाडी ताब्यात येण्याआधी. तेव्हा पडद्यावरच्या आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करून मगच काय करायचं ते ठरवा, आणि पैसे खात्यात येईपर्यंत कुणाला उसने द्यायचं कबूल करू नका.

परतताना गाडीतच, आठवतील तेवढे प्रश्न वहीत लिहून काढा, तेव्हा वाटलेल्या टक्क्यांसकट. दुसऱ्या दिवशी ते टक्के आठवत नाहीत. बरोबर आलेल्या प्रत्येक उत्तरापुढे आपण शंभर होतो असंच वाटू लागतं.